सारवलेला हौदा

“किन्ने किया रे ये? किस अकलमंदने मेरे वेल्डिंगपो गोबर फेरा?”

मस्तानमिस्त्री लॉरीच्या हौद्यात उभा राहून ओरडत होता, आणि आवाज असा की चारठाण्याच्या देवळांतल्या दगडी मूर्तींनीसुद्धा माना वळवल्या असतील. खांद्यावर पूर्णेहून आणलेला कारबाईटचा डबा, डोक्याला रुमाल, आणि पायाखाली, जिथं तो चार दिवस घाम गाळत लोखंडाला लोखंड जोडत बसला होता तिथं, हिरवंगार ओलसर सारवण. त्यात बोटांच्या सुरेख कमानी. कोपऱ्यात हळदीकुंकू.

किसनकाका, म्हणजे माझे चुलते आणि लॉरीचे मालक, चाकाकडं असं बघत होते जणू चाकानंच हे केलं. मी लॉरीचा ड्रायव्हर. मी काकांकडं बघत होतो. तेवढ्यात घरातून गयाकाकू बाहेर आली. कोपरापर्यंत शेणाचे हात.

“मी केलंय,” ती म्हणाली. “कामून? वाईट सारवलंय का?”

इतक्या वर्षांनी परवा हे सगळं एकदम उफाळून आलं. माघ सरत आला होता, शिवारात ज्वारीची काढणी सुरू होती, वाऱ्याबरोबर ती बारीक कूस उडून मानेत शिरत होती. परभणीला जिंतूर नाक्यावर एका पत्र्याच्या शेडपुढं एक पिकअप मागची फळी पाडून उभी होती. तिचा हौदा गंजलेला. एक गडी तोंडावर काळी काच धरून तुकडे डकवायला लागला होता आणि तडतड ठिणग्या उडत होत्या. लोक लांबून वळसा घालून जात होते. मी मात्र जवळ गेलो, नाक पुढं केलं आणि निराश झालो. वास नव्हता. विजेच्या वेल्डिंगला वास असतो, पण तो परका. आमच्या वेल्डिंगला लसणाचा वास होता.

मी खोटं बोलत नाही. वाढवून सांगतो. पण वाढवायला मुळात थोडं काहीतरी लागतं. विरजण नसेल तर दही कशाचं लागणार?

तर लॉरी. मोगलाईचे, म्हणजे निजामाच्या राजवटीचे, दिवस होते आणि वर जगाची लढाई चालू होती. आमच्या गावात लढाई म्हणजे काय, तर रॉकेल नाही, पेट्रोल नाही, पत्रा नाही, पोतं नाही. अशा दिवसांत काकांनी लॉरी आणली. लॉरी म्हणायचं ते आपलं मानानं. आजच्या त्या पिकअपएवढीच होती ती. पण बाकीच्यांचे हौदे लाकडी आणि हिचा लोखंडी, एवढ्या एका गोष्टीवर काका भाळले. मुलगी बघायला जावं आणि पैंजणांवर लग्न ठरवून यावं, तसं. आधीच्या मालकानं तिच्यातून वर्षानुवर्षं सेलूच्या टेसनावरचं मीठ वाहिलं होतं, हे नंतर कळलं. मिठानं लोखंड असं खाल्लं होतं की हौद्यात उभं राहून खाली पाहिलं तर रस्ता दिसायचा, रस्त्यावरची मुंगी दिसायची, आणि नजर चांगली असेल तर मुंगीच्या तोंडात साखर आहे की मीठ, तेही. आमची एक कोंबडी तिच्यात अंडी घालायला बसायची. अंडं घालून मागं वळून बघायची तर अंडं नाही. महिन्याभरात ती कोंबडी विरक्त झाली.

पेट्रोल नसल्यानं लॉरी कोळशाच्या ग्यासवर चालायची. कुशीला एक पिंपासारखी भट्टी. ती पेटवायची, फुंकायची, तिची मनधरणी करायची, मग इंजिन खोकायचं. त्या भट्टीच्या राखेत काका भरताची वांगी पुरायचे. कोस दोन कोस गेलं की वांगी भाजल्याचा वास सुटायचा आणि मी आपोआप हळू चालवायला लागायचो, कारण पोचायच्या आत ती नीट भाजली पाहिजेत. आज कुठल्याही गाडीत बसतो तेव्हा वाटतं, वेग आहे, गादी आहे, पण वांग्याची सोय नाही.

काका तोपर्यंत आयुष्यभर बैलाच्या चालीनं चाललेले. लॉरीत माझ्या शेजारी बसले की त्यांची उंची टीचभर वाढायची. सकाळी उठून आधी लॉरीची काच धोतराच्या सोग्यानं पुसायची, मग स्वतःचं तोंड. भावकी हसायची. भावकी हसायलाच असते. पण आमच्या भावकीला त्यासाठी कारणही मिळालं.

आदल्या सुगीत काय झालं, तर बारदान मिळेना. पोती सगळी लढाईत गेलेली. मग ज्वारी मोकळीच न्यायची ठरलं. आमच्याकडं बैलगाडीतून मोकळं धान्य न्यायची रीत जुनी: गाडीला बांबूच्या तट्ट्या लावायच्या, त्या शेणामातीनं लिंपून घ्यायच्या, वाळल्या की आत दाणा ओतायचा. पण ही लॉरी. लोखंडी. विलायती. तिला कोण शेण लावणार? ओतली ज्वारी आणि निघालो. गावात हौदा शिगेला भरला होता. सेलूच्या आडतीत पोचलो आणि मागची फळी पाडली, तर आत एक चिमणी बसलेली. तीही नाराज.

पावसाळ्यात कळलं की ज्वारी गेली कुठं. आमच्या गावापासून सेलूपर्यंत रस्त्याच्या मधोमध ज्वारी उगवली. ओळीत. मोठी भोकं तीन होती म्हणून ओळी तीन, अगदी तिफणीनं धरल्यासारख्या; आणि जिथं मी खड्डा चुकवला होता तिथं ओळीही वळलेल्या. पाथरीकडचा एक पाहुणा त्या वाटेनं आला तो म्हणाला, “तुमच्याकडं जमीन पुरंना वाटतं? सडकंवर पेरायलेत.” भावकीनं ते वाक्य पोळ्यापर्यंत पुरवून पुरवून वापरलं.

त्याच दिवसांत काकूनं निकाल सुनावला. काकू आरडाओरडा करायची नाही. भाकरी थापत थापत, परातीकडं बघत म्हणाली, “अवो, ऐकलं का. या सुगीला जर ह्या डबड्यातनं दाणे सांडले, तर हौदा उपटायचा अन् गोठ्यात मांडायचा. म्हशीला गव्हाण पायजेच हाय.”

आमच्या घरात काकूचं बोलणं म्हणजे तहसिलीचा हुकूम. फरक इतकाच की तहसिलीच्या हुकमावर अर्ज करता येतो. काकांनी रात्रभर कूस बदलली. म्हशीनं मात्र त्या दिवसापासून लॉरीकडं मालकिणीच्या नजरेनं बघायला सुरुवात केली. येता-जाता ती हौद्याला अंग घासून मापं घेऊन जायची.

म्हणून मस्तानमिस्त्री आला. पूर्णेला रेल्वेच्या इंजिनांभोवती त्याची उमर गेली, असं तो स्वतः सांगायचा. “किसनराव, मैं इंजनका फटा हुआ पेट सिया हूं. ये तुमारा हौदा क्या चीज!” सेलूपर्यंत आगगाडीनं आणि तिथून बैलगाडीनं त्याचा लवाजमा आला: ऑक्सिजनचा एक उंच लोखंडी बाटला, एक कारबाईटचं यंत्र, रबरी नळ्या, निळा चष्मा, आणि पानाचा डबा. गावात निम्म्या लोकांना वाटलं, बाटला हाच मिस्त्री आणि मस्तान त्याचा नोकर. कारण गाडीवान बाटल्याला धरून बसला होता आणि मस्तान मागून चालत होता.

कारबाईटवर पाणी पडलं की तो ग्यास सुटायचा आणि अख्ख्या गावात लसूण परतल्याचा वास. पलीकडच्या आळीत आलेले पाहुणे निघायची तयारी करून उठले होते, ते वास घेऊन परत बसले. दुसऱ्या दिवशीही वास. मग ते हलेनातच. चौथ्या दिवशी ताटात ठेचा न दिसल्यावर रुसून गेले.

आणि ती ज्योत. आधी पिवळी, धुरकट, मग मिस्त्री कान पिळल्यासारखी चावी पिळायचा आणि ती एकदम बारीक, निळी, टोकदार व्हायची. पेन्शिलीला टोक काढावं तशी. लोखंड आधी लाल, मग पिवळं, मग त्याचा घाम निघाल्यासारखा एक थेंब. तो थेंब तारेच्या टोकानं पुढं ढकलत ढकलत तो शिवण घालायचा. मिस्त्रीनं बजावलं होतं, ज्योतीकडं बघू नका. काकांनी बघितलं. त्यांना पुढं कितीतरी दिवस प्रत्येक माणसाच्या नाकावर हिरवा ठिपका दिसायचा. भावकीतले लोक असे जास्त बरे दिसतात, असं त्यांचं मत पडलं.

पत्रा आणायचा कुठून, हा प्रश्न गावानं सोडवला. काका घरोघर फिरले. कुणी डांबराच्या पिंपाचा पत्रा दिला, कुणी गुळाची फुटकी काहील दिली, काकांनी स्वतःच्या विहिरीची गळकी लोखंडी मोट फाडली. एकानं वादळात पडलेली, बिनवारशी, सरकारी पाटी आणून दिली. तिच्यावर उर्दू अक्षरं. कुठली, कशी, हे आम्ही विचारलं नाही. देणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. ती मागच्या फळीच्या बाहेरच्या अंगाला बसली. वेगवेगळ्या रंगांची ठिगळं लागत गेली तसतशी लॉरी गोधडीसारखी दिसायला लागली आणि लोक येऊन आपापलं ठिगळ दाखवायला लागले. “ही आमची काहील बगा. लय गोड पत्रा हाय.” मला तो हौदा तेव्हापासून सुंदर वाटायला लागला. नव्या कोऱ्या लोखंडाला कुणाचं नाव नसतं. ह्याच्यात निम्मं गाव डकवलेलं होतं.

आणि मग ऐन मोक्याला कारबाईट संपलं. तळ झाला, बाजू झाल्या. राहिले ते मागचे कोपरे. तिथल्या ठिगळांना मिस्त्रीनं नुसते टाके मारले होते. दोन टाक्यांच्या मधे करंगळी जाईल एवढी फट. “हात नक्को लगाओ. पूर्णेसे माल लाता, फिर पक्की सिलाई,” असं बजावून तो गेला.

गेला आणि आभाळ आलं.

माघातलं आभाळ. खळ्यात ज्वारीची रास उघडी पडलेली, मोत्यासारखी पांढरी. तिच्यावर एक सर पडली की दाणा काळा, आणि काळ्या दाण्याला आडतीत कोण विचारतो? गारांचा वारा सुटला होता. काका खळ्यातून लॉरीकडं आणि लॉरीकडून खळ्याकडं अशा फेऱ्या घालत होते की मधे पायवाट पडली. ती अजून आहे म्हणतात. काकूनं एकदा आभाळाकडं बघितलं, एकदा काकांकडं. पहाटे उठून आळीतल्या दोघी-तिघींना घेतलं, गाईचं शेण, पांढरी माती, बारीक भुसा कालवला, आणि मिस्त्री परत यायच्या आत हौदा आतून सारवून मोकळी झाली.

हे मला आजही कळत नाही. जिला हौद्याची गव्हाण करायची होती तिनं तो सारवायचा कशाला? गव्हाण कुणी हळदीकुंकू लावून सारवतं का?

मिस्त्रीचं ओरडणं त्याच सकाळचं.

“भाभी, ये लोहा है, चूल्हा नहीं! गोबरका पानी लगा तो जंग आता. अब मैं ज्योत किधर लगाऊं? गोबरपो?”

“मिस्त्री, लोखंड असो का माती असो,” काकू हात झटकत म्हणाली, “धान्य घालायचं भांडं म्हंजे सारवलंच पायजे. उघड्या बुडावर लक्ष्मी ओतायची व्हय? तुमी शिवलंय, आमी लिंपलंय. एवढं कामून तापायलाव?”

“मैं सब खरवडके निकालता!”

“काढा की. आभाळाला सांगून या आधी, जरा थांब म्हनून.”

सगळ्यांनी वर बघितलं. आभाळ थांबण्याच्या मनःस्थितीत दिसत नव्हतं. काका एकदम म्हणाले, “भरा.” फक्त तेवढंच. पण पहिलं घमेलं त्यांनीच उचललं. हे वाहन उद्या गोठ्यात असेल की सडकेवर, हे आता त्या ओल्या शेणावर आणि मिस्त्रीच्या टाक्यांवर ठरणार होतं.

घमेल्यांनी ज्वारी ओतली. आधी टपटप, मग सळसळ, मग आवाजच नाही, नुसता पांढरा ढीग वर वर. हात घातला तर आत ऊन साठलेलं. मिस्त्री तोंड फुगवून मागच्या फळीजवळ चढून बसला. “दाना गिरा तो मेरा नाम नक्को लेना,” म्हणाला. पण कोपऱ्यांवरून नजर काढेना.

आणि काकूनं बैलगाडी जुंपायला लावली. हातात सूप. लॉरीच्या मागून येऊन, जे सांडेल ते ती सुपात भरून घेणार होती. पुरावा म्हणून.

आमची मिरवणूक निघाली. पुढं धूर सोडणारी लॉरी, मागं बैलगाडी. लोक म्हणतात बैलगाडी लॉरीला कशी गाठेल? त्यांनी माझी लॉरी बघितली नव्हती. बैलांना आवरून धरावं लागत होतं. दोनदा ते आम्हाला ओलांडून पुढं गेले आणि काकूला गाडी थांबवून आमची वाट बघावी लागली. उतारावर आम्ही पुढं, चढावर ती. भट्टीत वांगी होती, पण त्या दिवशी काकांना वास आला नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कडब्याच्या पेंढ्या उभ्या होत्या. वारा पाठीशी. प्रत्येक खड्ड्याला काका डोळे मिटायचे आणि मागून मिस्त्रीचा आवाज यायचा, “कुछ नहीं! चलो!” काकू मागून सूप आडवं धरून धुळीत डोळे बारीक करून बघत होती. एकदा काहीतरी पडलं. ती खाली उतरली, उचललं, बोटांत चुरून बघितलं. वाळलेल्या शेणाची खपली. दाणा नव्हे. ती परत चढून बसली.

मग ओढा आला. पाणी फार नव्हतं, पण चाक एका धोंड्यावरून घसरलं, मागची बाजू पाण्यात बसली आणि उठली, आणि डाव्या कोपऱ्याच्या फटीतलं लिंपण धुऊन निघालं. ती करंगळीएवढी फट उघडी पडली. ज्वारी आतून त्या फटीशी येऊन ठेपली. दोन-चार दाणे टिपटिप पाण्यात पडले.

“रोको!” मिस्त्री ओरडला, आणि मी ब्रेक दाबला. लॉरी नेहमी ब्रेक दाबल्यावर विचार करून थांबायची. त्या दिवशी बिचारी लगेच थांबली.

मिस्त्रीनं उडी मारली. आधी अंगठा फटीत घातला, मग इकडं तिकडं बघितलं. ज्योत नाही, बाटला गावात. मागं काकूचे बैल ओढ्यात उभे, आणि बैलांचा धर्म असा की पाण्यात उभं राहिलं की त्यांना मोकळं व्हावंसं वाटतं. इंजिनांची पोटं शिवणारा तो माणूस एक हात फटीवर ठेवून दुसरा हात त्या शेणाकडं लांब करू लागला, पण पुरेना.

काकू गाडीवरून हे बघत होती. तिला काही करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. फट आपोआप रुंद झाली असती आणि म्हशीचं काम झालं असतं.

काकूनं सूप गाडीत ठेवलं, लुगडं खोचलं, आणि पाण्यात उतरली. गरम शेणाचा गोळा उचलला, काठची काळी माती त्यात मळली, मिस्त्रीच्या तळव्यावर ठेवला.

“अंगठ्यानं दाबा, मिस्त्री. तळव्यानं न्हाई. कडंपासून आत.”

मस्तानमिस्त्रीनं दाबलं. कडेपासून आत. जीभ दातांत धरून, तारेच्या टोकानं थेंब ढकलावा तितक्या निगुतीनं. काकू वाकून बघत होती. “हां. आता वरनं हात फिरवा. सावकाश. भांडं हाय ते, भिंत न्हाई.” त्यानं हात फिरवला. बोटांची कमान उमटली. जरा वाकडी, पण कमान.

“टाका सुटला न्हाई तुमचा,” काकू म्हणाली.

“गोबर तो सुटा ना तुमारा,” मिस्त्री म्हणाला. पण हसून.

मी आयुष्यात पुष्कळ दुरुस्त्या बघितल्या, काही स्वतः बिघडवल्याही. पण त्या ओढ्यातलं ते दृश्य आठवलं की अजून अंगातून ऊबदार काहीतरी जातं. गार पाणी, लॉरीचा धूर, बैल रवंथ करतायत, आणि दोन माणसं एका फटीवर वाकलेली. काका वरून बघत होते. त्यांच्या डोळ्यांपुढं तेव्हाही हिरवा ठिपका असेल. मला वाटतं दोघांच्या नाकांवर तो छान दिसला असणार.

पुढं सेलूच्या नाक्यावर शिपाई दंडुका घेऊन आडवा आला, तर आमच्या मागच्या फळीवरची उर्दू अक्षरं त्याला दिसली. पाटीचा जो तुकडा बसला होता त्यावर ‘सरकार’ एवढंच शिल्लक होतं. शिपायानं आधी फळीला सलाम केला, मग फळीजवळ शेणानं माखलेल्या मिस्त्रीला. मिस्त्रीनं मान तुकवून तो स्वीकारला. मागून बैलगाडीत काकू. तिलाही सलाम. इतका मान आमच्या घराण्याला ना आधी मिळाला, ना नंतर.

आडतीत पोचलो तेव्हा पाऊस मागंच कुठंतरी अडकला होता. फळी पाडली आणि ज्वारी अशी धावून बाहेर आली की हमाल दोन पावलं मागं सरले. हौदा शिगेला भरलेला तसाच आला होता. आडतीतले लोक जमले. आदल्या सालची चिमणी आठवणारेही त्यात होते. आमच्या भावकीतला एक जण तर खास बघायला आलेला.

काका खाली उतरले. धोतर झटकलं, पटका नीट केला, आणि चार लोकांना ऐकू जाईल असं बैलगाडीकडं वळून विचारलं,

“हां, आता सांग सगळ्यांम्होरं. गावापासनं इथवर काय सांडलं?”

काकूनं सूप उचललं, त्याच्यात बघितलं, गाडीच्या कडेला दोनदा आपटलं.

“धूळ,” ती म्हणाली.